टायर आणि मडगार्डमधली ती चार बोटं

प्रश्न थोडक्यात असा आहे: स्पोर्ट्स कार जितकी खाली तितकी वळणावर चांगली, मग कंपनी टायर आणि मडगार्डमध्ये चार बोटं फट ठेवून गाडी का विकते? ४० मिमीनं खाली बसवणाऱ्या स्प्रिंगा टाकल्या की गाडी देखणी दिसते आणि वळणातही घट्ट वाटते, तर हे काम कारखान्यातच का उरकत नाहीत?

'खाली म्हणजे चांगली' यात खरं किती, ते आधी आकड्यांत बघू. समजा गाडी १४०० किलोची आहे, डाव्या-उजव्या चाकांमधलं अंतर १.६ मीटर आणि गुरुत्वमध्य जमिनीपासून ४८ सेंमीवर. वळणात १ जी इतका, म्हणजे गाडीच्या वजनाएवढा, आडवा जोर आला, तर आतल्या चाकांवरून बाहेरच्या चाकांवर सुमारे ४२० किलो भार सरकतो. गुरुत्वमध्य २५ मिमीनं खाली आणला की हाच आकडा ४०० च्या आसपास येतो. म्हणजे पाचेक टक्क्यांचा फायदा. तो खरा आहे, मी नाकारत नाही. पण त्याची किंमत कुठून वसूल होते ते बघा.

ती चार बोटं चाकाची काम करायची जागा आहे. उंचवट्यावरून जाताना, ब्रेक दाबताना, वळणात गाडी कलताना चाक बॉडीच्या दिशेनं वर सरकतं. किती जागा लागेल हे स्प्रिंग किती मऊ आहे त्यावर ठरतं. गाडी स्प्रिंगवर सेकंदाला एकदा हेलकावे खाईल इतकी मऊ असेल, तर नुसत्या स्वतःच्या वजनानं ती स्प्रिंग सुमारे २५ सेंमी दबलेली असते. दीड हेलकाव्याला ११ सेंमी, दोनला ६ आणि तीनला ३ सेंमीहूनही कमी. रस्त्यावर चालवायच्या स्पोर्ट्स कार साधारण दीड ते दोनच्या मध्ये बसतात. वेगात एखाद्या खोलगट भागातून जाताना चाकावरचा भार क्षणभर दुप्पट झाला, तर स्प्रिंगला आणखी तेवढंच दबावं लागतं. ११ सेंमीचं काम ६ सेंमीत भागवायचं असेल तर स्प्रिंग पावणेदोन पट कडक हवी. गुळगुळीत ट्रॅकवर ते चालतं. खडबडीत रस्त्यावर तेच चाक टणाटण उड्या मारतं, आणि हवेत असलेल्या टायरला पकड नसते.

बाजारात मिळणाऱ्या बहुतेक लोअरिंग स्प्रिंगा इतक्या कडक नसतातच. बसायला त्रास होऊ नये म्हणून त्या वीस-तीस टक्केच कडक करतात आणि उंची मात्र ४० मिमी काढून घेतात. मूळ गाडीत बंप स्टॉपपर्यंत, म्हणजे चाक पार वर आलं की त्याला अडवणाऱ्या रबरी ठोकळ्यापर्यंत, ७० मिमी जागा असेल तर तुमच्याकडे उरली ३०.

हे मी स्वतः भोगलं आहे. माझी आधीची गाडी ४० मिमी खाली होती. सपाट रस्त्यावर स्वर्ग. एकदा लांबलचक वळणात, मध्यावर एक हलका उंचवटा आला आणि बाहेरचं पुढचं चाक बंप स्टॉपवर जाऊन बसलं. त्या क्षणी त्या कोपऱ्यात स्प्रिंग उरली नव्हती, रबराचा ठोकळा होता. एकदम सगळा भार त्या एका टायरवर आला आणि गाडीचं नाक सरळ बाहेर निघालं. समोरून कोणी येत नव्हतं म्हणून आज हे लिहितोय. मूळ स्प्रिंगा परत बसवल्यावर त्याच उंचवट्यावरून त्याच वेगानं गाडी काही न होता गेली. बंप स्टॉप वाईट असतात असं मात्र समजू नका. आजच्या गाड्यांत तो सस्पेन्शनचाच भाग असतो आणि हळूहळू कडक होत जाईल असा घडवलेला असतो. फक्त तो कधी टेकावा हे कंपनीनं त्या मूळ उंचीवरून मोजलेलं असतं.

भूमितीकडे लोकांचं लक्ष सगळ्यात कमी जातं, आणि मला वाटतं खरं उत्तर तिथेच आहे. पुढे मॅकफर्सन स्ट्रट, म्हणजे स्प्रिंग आणि डॅम्पर (हेलकावे शमवणारा शॉक अब्सॉर्बर) एकाच उभ्या खांबात असलेली गाडी घ्या. मूळ उंचीवर खालचा कंट्रोल आर्म, म्हणजे चाकाला बॉडीशी जोडणारा दांडा, साधारण आडवा किंवा चाकाकडे किंचित उतरता असतो. बॉडी खाली आणली की तो चाकाकडे चढता होतो, आणि त्याबरोबर रोल सेंटर, म्हणजे गाडी ज्या बिंदूभोवती कलते तो बिंदू, गुरुत्वमध्यापेक्षा कितीतरी जास्त खाली घसरतं. गाडीला कलवणारी तरफ या दोन बिंदूंमधल्या अंतराची असते, म्हणजे गाडी खाली आणून आपण तीच तरफ लांब करतो. स्प्रिंग तेवढ्या प्रमाणात कडक नसेल तर खाली बसवलेली गाडी मूळ गाडीपेक्षा जास्त कलते. शिवाय चाक वर दबताना मिळणारा निगेटिव्ह कॅम्बर, म्हणजे चाकाच्या वरच्या कडेचा आतला झुकाव, तोही घटतो, आणि स्टीअरिंगचा टाय रॉड (चाक वळवणारा दांडा) वेगळ्या कोनात गेल्यामुळे प्रत्येक धक्क्याला चाक आपोआप थोडं वळतं. हे शेवटचं नुसत्या अलाइनमेंटनं जात नाही. अलाइनमेंट उभ्या गाडीची होते, हा दोष चाक वरखाली होताना दिसतो.

म्हणून कंपनी स्वतः गाडी खाली आणते तेव्हा काय काय बदलते ते बघण्यासारखं असतं. पोर्शेची केमन जीटी ४ साध्या केमनपेक्षा ३० मिमी खाली आहे, पण तिचा पुढचा अ‍ॅक्सल पोर्शेच्याच ९११ जीटी ३ या गाडीवरून घेतला आहे. नुसत्या स्प्रिंगांवर भागत असतं तर एवढा खर्च कोणी केला नसता.

कायद्याचा हातही मोठा आहे. अमेरिकेत हेडलॅम्प जमिनीपासून किमान २२ इंच, म्हणजे ५५९ मिमी वर हवा. संयुक्त राष्ट्रांचे वाहननियम पाळणाऱ्या देशांत लो बीमसाठी ही मर्यादा ५०० मिमी आहे. अमेरिकेत बंपरच्या उंचीचाही नियम आहे, आणि अशा नियमांपायी एमजीबी या ब्रिटिश स्पोर्ट्स कारचं काय झालं हे आठवलं की मला अजून वाईट वाटतं. अमेरिकी नियमांत बसवण्यासाठी १९७४ च्या अखेरीस त्या गाडीला जड रबरी बंपर लावले आणि सस्पेन्शन एक इंच वर उचललं. भरीस भर म्हणून खर्च वाचवायला १९७५ च्या मॉडेलचा पुढचा अँटी-रोल बार, म्हणजे वळणात गाडीचं कलणं रोखणारा दांडा, तोही काढला. इतकी गोड चालणारी गाडी वळणात लोळायला लागली. १९७७ च्या मॉडेलला पुढे-मागे दोन्ही बार दिले तेव्हा ती पुन्हा सावरली. एक इंच इकडे किंवा तिकडे म्हणजे काय, हे यावरून कळावं. तुम्हाला तोच इंच उलट दिशेला न्यायचा आहे.

शिवाय कंपनी तुमच्या एकट्यासाठी गाडी बनवत नाही. दोन माणसं, भरलेली टाकी, सामान, काही देशांत बर्फासाठी टायरला गुंडाळायच्या साखळ्या, तळघरातल्या पार्किंगचा रॅम्प, हे सगळं धरून बूड घासता कामा नये. गाड्या जहाजावर आणि ट्रकवर चढवतानासुद्धा काही कंपन्या स्प्रिंगमध्ये तात्पुरते ठोकळे घालून त्या उंच करतात.

भरधाव वेगात गाडीखालून किती हवा जाते हेही उंचीवर ठरतं, तो खेळ वेगळाच. बुगाटी वेरॉन साध्या मोडमध्ये जमिनीपासून १२५ मिमी वर असते आणि सर्वोच्च वेगासाठी ६५ मिमीवर येते. २०१७ ची फोर्ड जीटी ट्रॅक मोडमध्ये ५० मिमी खाली बसते. उलट बाजूनं सी ८ कॉर्व्हेटला नाक सुमारे ४० मिमी वर उचलायची सोय मिळते आणि कुठे उचलायचं त्या हजार जागा ती लक्षात ठेवते. खाली आणि वर दोन्ही हवं असेल तर हायड्रॉलिक्सचं वजन आणि खर्च झेलावा लागतो. एकाच उंचीवर थांबायचं असेल तर मधली उंची निवडावी लागते, तीच तुम्हाला फट म्हणून दिसते.

तरीही कंपनीची उंची म्हणजे देववाणी असं मी म्हणणार नाही. काही गाड्यांत १०-१५ मिमीचा वाव असतो. कंपन्या स्वतःच १० किंवा २० मिमी खालचं स्पोर्ट सस्पेन्शन विकतात, आणि ते मिळत असेल तर मी डोळे झाकून तेच घेईन, कारण त्यात स्प्रिंग, डॅम्पर आणि बंप स्टॉप एकमेकांसाठी बनवलेले असतात.

आणि काहीही विकत घ्यायच्या आधी हे करा. डॅम्परच्या चकचकीत दांड्यावरचं रबरी बूट वर सरकवा, दांड्याला एक केबल टाय बेताची घट्ट बांधून डॅम्परच्या नळीपर्यंत खाली टेकवा, बूट परत बसवा आणि तुमच्या नेहमीच्या रस्त्यावर, नेहमीच्या वेगानं, नेहमीच्या माणसांसकट गाडी चालवा. परत आल्यावर ती टाय बंप स्टॉपपासून किती लांब राहिली ते मोजा. ते अंतर १५ मिमी भरलं तर ४० मिमीच्या स्प्रिंगा तुमच्या गाडीसाठी नाहीत.