सावली नाहीशी होते की दिसेनाशी?

प्रश्न असा आहे: नागपुरातल्या एका उन्हाळी विज्ञान शिबिराच्या इंग्रजी पत्रकात शून्य सावली दिवसाबद्दल (दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि सरळ उभ्या काठीची सावली पडत नाही तो दिवस) ‘द शॅडो विल गेट व्हॅनिश्ड’ असं छापलंय. हे बरोबर आहे का? ‘डिसअपिअर’ हवं होतं का? आणि मराठी पत्रकात काय लिहायचं?

आधी ते ‘गेट’ काढा. ‘व्हॅनिश’ अकर्मक आहे. सावली स्वतःच व्हॅनिश होते, म्हणून ‘द शॅडो विल व्हॅनिश’ एवढंच पुरतं. ‘गॉट व्हॅनिश्ड’, ‘वॉज व्हॅनिश्ड’ ही चूक आपल्याकडे इतकी होते त्याचं कारण मराठीतच आहे. आपण ‘नाहीशी झाली’ म्हणतो, ‘गायब झाली’ म्हणतो, आणि तो ‘झाली’ इंग्रजीत कुठेतरी बसवायलाच हवा असं वाटतं. तो ‘व्हॅनिश’च्या पोटातच आहे. ‘नाहीशी केली’ म्हणायचं असेल तर ‘मेड इट व्हॅनिश’. सरळ ‘नाणं व्हॅनिश केलं’ असा सकर्मक वापर आज मुख्यतः जादूगारांच्या बोलीत सापडतो. ‘डिसअपिअर’चा सकर्मक वापर मात्र गंभीर आहे: ‘ही वॉज डिसअपिअर्ड’ म्हणजे सत्तेने माणूस उचलून गायब केला. अर्जेंटिनातल्या १९७६ ते १९८३ च्या लष्करी राजवटीमुळे तो अर्थ जगभर कळला. पत्रकात चुकूनही नको.

आता दोघांतला फरक. ‘डिसअपिअर’ म्हणजे ‘अपिअर’च्या उलट, दिसायचं थांबणं. हा डोळ्याचा शब्द. ‘व्हॅनिश’च्या मुळाशी लॅटिन ‘व्हानुस’ आहे, म्हणजे रिकामा, पोकळ. त्यापासून ‘एव्हानेस्केरे’ झालं, आणि जुन्या फ्रेंचमधून इंग्रजीत येताना सुरुवातीचा ‘ए’ गळाला. नाहीसं होणं सांगणाऱ्या शब्दाचं पहिलंच अक्षर नाहीसं झालं! (‘इव्हनेसंट’ या विशेषणात ते टिकून आहे.) भाषाशास्त्रज्ञ याच मूळ धातूशी संस्कृत ‘ऊन’ जोडतात, म्हणजे आपलं ‘उणे’.

म्हणून ‘व्हॅनिश’मध्ये ‘काही उरलं नाही’ हा भाव येतो, आणि बहुतेकदा ‘एकदम, कसं ते कळलं नाही’ हाही. हळूहळू घडणारं असेल तर इंग्रजी ‘फेड’ घेतं. पण एकदमपणा ही अट नाही. वर्षानुवर्षं आटणाऱ्या हिमनद्यांनाही ‘व्हॅनिशिंग’ म्हणतात.

गंमत म्हणजे ही जोडी मराठीत तयारच आहे. ‘दिसेनासा होणे’ म्हणजे डिसअपिअर, ‘नाहीसा होणे’ म्हणजे व्हॅनिश. एकात नजर, दुसऱ्यात अस्तित्व. संस्कृत व्याकरणकार पाणिनीने लोपाची, म्हणजे शब्दातलं अक्षर गळण्याची, व्याख्या ‘अदर्शनं लोपः’ (न दिसणं म्हणजे लोप; सूत्र १.१.६०) अशी केली, म्हणजे तो नजरेच्या बाजूने गेला.

बाकीचे शब्द सरसकट ‘व्हॅनिश’साठी वापरू नयेत. माणूस बेपत्ता होतो, आरोपी फरार होतो, फाइल गहाळ होते, मोबाइल लंपास होतो, जात नामशेष होते. नागपुरातल्या फुटाळा तलावावरचं डिसेंबरातलं धुकं विरतं. व्हॅनिशिंग क्रीम तर मराठीत नाहीसं होतच नाही, ते मुरतं. ‘गायब’ बोलण्यात कुठेही चालतं, म्हणूनच लिहिताना त्यातून नेमकं काही कळत नाही. गणितात ‘व्हॅनिश’ म्हणजे किंमत शून्य होणं: क्ष वर्ग उणे ४ ही राशी क्ष = २ आणि क्ष = −२ ला व्हॅनिश होते. तिथे ‘नाहीशी होते’ लिहिलं तर विद्यार्थी राशीच शोधत बसेल.

आणि सावलीत नेमका हाच गणिती अर्थ लागतो. नागपूर २१.१५ उत्तर अक्षांशावर आहे. २६ मेच्या सुमारास दुपारी १२.१० वाजता सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि ओळंब्यात उभ्या केलेल्या नळीच्या सावलीची लांबी शून्य होते. ती आधीपासून आखडत येते, मग क्षणभर शून्य, मग पुन्हा दुसऱ्या बाजूला. चार मिनिटं उशीर झाला तर एक मीटरच्या काठीची सावली दीड सेंटिमीटरच्या पुढे गेलेली असते. काठी कललेली असेल तर त्या ठरल्या क्षणी शून्य येतच नाही. मात्र माणूस, टेबल, छत्री यांची सावली कुठेही जात नाही, ती त्यांच्याच खाली पडते. म्हणून ‘तुमची सावली नाहीशी होईल’ हे वाक्य चुकीचं आहे, भले ते मुलांना आवडो.

पत्रकात असं लिहा: ‘सरळ उभ्या काठीची सावली दुपारी सुमारे १२.१० वाजता क्षणभर नाहीशी होईल.’ इंग्रजीत ‘विल व्हॅनिश फॉर अ मोमेंट’. ‘दिसेनाशी’ नको, कारण त्यात ‘आहे, पण दिसत नाही’ अशी वाट उरते. तो शब्द जुलैसाठी ठेवा. १७ जुलैच्या आसपास नागपुरात शून्य सावलीचा योग पुन्हा येतो, तेव्हा पावसाळी ढगांत बहुधा सूर्यच दिसेनासा असतो.