लॅब्रेडॉरला लिम्फोमा (लसिका गाठींमधल्या पेशींचा कॅन्सर) असल्याचं सांगितलंय. केमो करावी का, आणि घरात कुणाला लागण होईल का?

तुमच्या प्रश्नातली माहिती अशी: लॅब्रेडॉर ८ वर्षांचा, जबड्याखाली दोन्ही बाजूंना गाठी, खाणं-पिणं नीट, ताप नाही. डॉक्टरांनी हात लावून 'लिम्फोमा वाटतोय' असं सांगितलं आणि वायसोलोनच्या गोळ्या लिहून दिल्या. घरात ४ वर्षांची मुलगी आहे, मांजर आहे, आणि सासरे म्हणतायत की कुत्र्याला कसले केमोचे हाल, त्यापेक्षा गावी गोठ्यावर नेऊन ठेवू. मी पशुवैद्यक आहे. सुरुवातीची वर्षं सरकारी दवाखान्यात गाई-म्हशींत गेली, आता कुत्री-मांजरं बघतो.

केमोचं नंतर बोलू. आधी ती गोळी. अजून सुरू केली नसेल तर गाठीची तपासणी होईपर्यंत थांबवता येईल का, हे डॉक्टरांना आजच फोन करून विचारा. सुरू केली असेल तर मनाने बंद करू नका, स्टिरॉइड एकदम तोडणं घातक ठरू शकतं.

वायसोलोन म्हणजे प्रेडनिसोलोन, एक स्टिरॉइड. लिम्फोमाच्या पेशी या गोळीने मरतात, त्यामुळे चार दिवसांत गाठी बसतात, कुत्रा खूश, घरचे खूश. पण गाठ बसली की तपासणीसाठी टोचलेल्या सुईत पुरेशा पेशी येत नाहीत आणि रिपोर्ट गुळमुळीत येतो. दुसरं जास्त वाईट. ज्या पेशी या औषधाला पुरून उरतात त्या पुढे केमोच्या औषधांनाही दाद देईनाशा होतात. पेशीत शिरलेलं औषध बाहेर उपसणारे पंपच त्या वाढवून घेतात. म्हणजे महिनाभर वायसोलोन देऊन 'आता केमो करू' म्हणून आलेल्या कुत्र्याला केमोचा फायदा कमी मिळतो. केमो करायचीच नाही असं पक्कं ठरलं असेल तर हीच गोळी उत्तम आहे. ठरायच्या आधी नको, एवढंच.

आता मुळात हा लिम्फोमा आहे का? हात लावून शंका घेता येते, खात्री करता येत नाही. आपल्या पायाला जखम चिघळली की जांघेत अवधाण येतं, तसं कुत्र्यालाही येतं. जबड्याखालच्या गाठी तर दात किडले, हिरड्या सुजल्या तरी वाढतात, आणि ८ वर्षांच्या लॅबचे दात कसे असतात ते मी रोज बघतो. कधी कधी तिथली लाळग्रंथीच गाठ म्हणून दाखवली जाते. आपल्याकडे आणखी एक मोठा संशयित म्हणजे गोचीड ताप. एर्लिकिया नावाचा जंतू गोचिडाच्या चाव्यातून शिरतो, अंगभर गाठी सुजवतो, प्लेटलेट पाडतो, आणि डॉक्सीसायक्लिनने आटोक्यात येतो. (केमोतलं औषध डॉक्सोरुबिसिन. नावं कानाला सारखी लागतात म्हणून मेडिकलमधून आणताना चिठ्ठी दाखवूनच आणा.) रक्ततपासणीत गोचीड तापाची टेस्ट करून घ्याच. दोन्ही एकदम असलेले कुत्रेही असतात.

घरी एक गोष्ट करून बघा. तो उभा असताना मागून जा आणि मागच्या पायाच्या गुडघ्याच्या मागे, जिथे मांडीचा मांसल भाग संपतो, तिथे अंगठा आणि बोट यांच्यात हलकेच चाचपा. निरोगी कुत्र्यात तिथली गाठ मटारच्या दाण्याएवढी लागते किंवा लागतच नाही. मग खांद्याच्या पुढे, मान जिथे छातीला मिळते तिथे बघा. या जागाही सुजल्या असतील, टणक असतील, दाबल्यावर त्याला दुखत नसेल, तर लिम्फोमाची शंका बळावते. फक्त जबड्याखालीच असतील तर आधी दात बघा.

खात्रीसाठी सुईची तपासणी, म्हणजे एफएनएसी. भूल लागत नाही, इंजेक्शनच्या साध्या सुईने काम होतं. डॉक्टरांना आवर्जून सांगा की शक्य असेल तर गुडघ्यामागच्या गाठीतून नमुना घ्या, तोंडातल्या सुजेचा गोंधळ तिथे होत नाही. लिम्फोमा असेल तर बहुतेक वेळा स्लाइड बघताक्षणी कळतं. निरोगी गाठीत लहान, पिकलेल्या पेशींची गर्दी असते आणि मधेच एखादी मोठी दिसते. इथे उलटं: जिकडेतिकडे मोठ्या, कोवळ्या पेशी, ज्यांचं केंद्रकच शेजारच्या तांबड्या पेशीच्या दुपटीहून मोठं. स्लाइड संदिग्ध असेल तर एक गाठ काढून बायोप्सी करतात.

त्यासोबत सीबीसी (रक्तपेशींची मोजणी), लिव्हर-किडनी, कॅल्शियम, आणि जमलं तर पोटाची सोनोग्राफी. कॅल्शियम का, तर लिम्फोमा दोन जातींच्या पेशींचा असतो, बी आणि टी, आणि टी प्रकारात बऱ्याचदा रक्तातलं कॅल्शियम चढतं. कुत्रा अचानक भांडंभर पाणी पिऊ लागतो, घरात लघवी करतो. सर्वसाधारणपणे बी प्रकार औषधाला चांगली साथ देतो, टी कमी. प्रकार ठरवायची वेगळी तपासणी सगळीकडे होत नाही. मुंबईत असाल तर परळच्या व्हेटरनरी कॉलेजात चौकशी करा, बाकीच्यांनी आपल्या जवळच्या कॉलेजात. टी प्रकारातही एक संथ पोटजात आहे, गोल्डन रिट्रीव्हरमध्ये जास्त दिसते. तिच्यात कुत्रे वर्षानुवर्षं मजेत राहतात. म्हणून 'लिम्फोमा' एवढ्या एका शब्दावर कुणी आयुष्याचे महिने सांगू लागलं तर ऐकून घ्या आणि रिपोर्ट मागा.

रिपोर्टमध्ये १ ते ५ स्टेज लिहिलेली असेल. तिला घाबरू नका. बहुतेक कुत्रे ३ किंवा त्याच्या पुढच्या स्टेजलाच आमच्याकडे येतात, कारण गाठी दुखत नाहीत आणि लक्ष जात नाही. स्टेजपेक्षा जास्त महत्त्वाचं म्हणजे कुत्रा अंगाने बरा आहे की आजारी पडलाय. तुमचा खातोय-पितोय, ही मोठी जमेची बाजू.

आता सासऱ्यांचा मुद्दा. माणसाची केमो डोळ्यांसमोर असणाऱ्याने असं बोलणं साहजिक आहे. पण माणसाला बरं करायचं ठरवून डोस दिला जातो, त्यासाठी लागेल तेवढा त्रास सोसायला लावतात. कुत्र्याला पाच-दहा वर्षं पुढचं बघून आज उलट्या काढायला सांगण्यात अर्थ नाही, त्याला आजचा दिवसच कळतो. म्हणून डोस कमी असतो आणि त्रास फार झाला तर तो आणखी उतरवतात. केस सहसा जात नाहीत. पूडलसारख्या सतत केस वाढणाऱ्या जातींचे जातात, लॅबचे नाही. एखाद-दोन दिवस मलूल राहणं, उलटी, पातळ संडास हे होतं. दवाखान्यात दाखल करण्याची वेळ फार थोड्यांवर येते.

सगळ्यात चालणारी पद्धत म्हणजे चार औषधांची चॉप: सायक्लोफॉस्फामाइड, डॉक्सोरुबिसिन, विन्क्रिस्टिन आणि प्रेडनिसोलोन. साधारण १९ ते २५ आठवडे, सुरुवातीला दर आठवड्याला एक फेरी. मोठ्या पेशींच्या बी प्रकारात ८० ते ९० टक्के कुत्र्यांच्या गाठी पूर्ण बसतात. पण बसणं म्हणजे बरं होणं नव्हे. बहुतेकांत तो परत येतो. आयुष्य सरासरी एक वर्षाच्या आसपास मिळतं, पाचातला एखादा दोन वर्षं ओलांडतो. नुसत्या प्रेडनिसोलोनवर एक ते दोन-तीन महिने, काहीच न करता महिना-दीड महिना. आकडे तुमच्यापुढे सरळ ठेवलेत, कारण यावरच ठरवायचंय.

विन्क्रिस्टिन सदाफुलीपासून मिळतं, तीच आपल्या अंगणातली गुलाबी-पांढरी फुलं. भटक्या कुत्र्यांच्या लिंगावरच्या संसर्गजन्य गाठीवर आपल्याकडचे बहुतेक व्हेट हेच औषध वर्षानुवर्षं वापरतायत, त्यामुळे ते शिरेतून देण्याचा हात त्यांना असतो. आणि तो हात लागतोच, कारण थेंब शिरेबाहेर गेला तर तिथलं मांस सडतं. डॉक्सोरुबिसिन त्याहून कडक, शिवाय हृदयावर परिणाम करतं म्हणून त्याचे एकूण डोस मोजून देतात. हे देण्याची सवय असलेला डॉक्टर शोधा. आणि कृपा करून सदाफुलीचा पाला वाटून पाजू नका. व्हॉट्सॲपवर हा उपाय फिरत असतो. झाडात औषधाचं प्रमाण अगदी नगण्य आणि बाकीची विषं भरपूर.

खर्चाबद्दल: औषधं माणसांचीच आहेत, मेडिकलमध्ये मिळतात. डोस वजनाप्रमाणे, त्यामुळे ३५ किलोच्या लॅबला पॉमेरेनियनपेक्षा बराच जास्त. पण घरचं गणित औषधाने बिघडत नाही, ते प्रत्येक फेरीआधीच्या सीबीसीने, सलाइनने आणि मधल्या इमर्जन्सीने बिघडतं. पहिल्याच दिवशी या सगळ्यासकट अंदाज लिहून मागा. पूर्ण चॉप परवडत नसेल तर कमी फेऱ्यांचे पर्याय आहेत. नुसतं डॉक्सोरुबिसिन दर तीन आठवड्यांनी देतात, फायदा थोडा कमी पण वाईट नाही.

केमो सुरू केलीत तर एक थर्मामीटर घरी ठेवा. इंजेक्शननंतर साधारण आठवड्याने पांढऱ्या पेशी तळाला जातात. त्या दिवसांत गुदद्वारातून मोजलेला ताप १०३ फॅरनहाइटच्या वर गेला किंवा कुत्रा जेवणाला नाक मुरडू लागला, तर सकाळची वाट न बघता फोन करा. कच्चं मांस त्या काळात बंद.

मुलीला लागण? नाही. कुत्र्याचा लिम्फोमा माणसाला होत नाही, मांजरालाही नाही, एकत्र झोपले तरी. काळजी औषधाची घ्यायची. केमोनंतर दोन-तीन दिवस त्याची लघवी-संडास-उलटी हातमोजे घालून साफ करा, मुलीला तिथे जाऊ देऊ नका, घरात कुणी गरोदर असेल तर तिने हे काम करू नये. सायक्लोफॉस्फामाइडची गोळी तोडू किंवा कुटू नका. ती दिल्यावर त्याला भरपूर पाणी प्यायला द्या आणि वरचेवर लघवीला न्या, नाहीतर मूत्राशय आतून सोलवटतं आणि लघवीतून रक्त येतं.

मांजरांचा ल्युकेमिया (रक्ताचा कॅन्सर) व्हायरस मात्र खरंच पसरतो, पण मांजरातून मांजरात. ग्लासगोत विल्यम जॅरेट आणि सहकाऱ्यांनी १९६४ मध्ये तो शोधला. लाळेतून, एकमेकांना चाटण्यातून, एकाच वाटीतून जातो. तुमचं मांजर बाहेर हिंडत असेल तर एकदा टेस्ट करून घ्या, लॅबशी त्याचा संबंध नाही.

आणि गोठा. गाईंच्या ल्युकेमियाचा विषाणू वेगळा, तो रक्तातून पसरतो: एकच सुई सगळ्या गोठ्याला, शिंगं काढायचं न धुतलेलं हत्यार, चावणाऱ्या माश्या. लागण झालेल्या बहुतेक गाई आयुष्यभर धडधाकट दिसतात, शंभरात पाचाहून कमी गाईंना गाठी होतात. तुमच्या कुत्र्यामुळे गाईंना किंवा गाईंमुळे कुत्र्याला काही होणार नाही. तरी गोठ्यावर नेऊ नका. पांढऱ्या पेशी उतरलेल्या कुत्र्याला गोचिडांच्या मधोमध ठेवायचं, वर तिथे रात्री त्याचा श्वास अडला तर बघणारं कुणी नाही. जबड्याखालच्या गाठी वाढल्या की घशावर दाब येतो, घोरल्यासारखा आवाज येऊ लागतो. ते ऐकायला माणूस जवळ लागतो.

रिपोर्टमध्ये 'लिम्फोमा' ऐवजी 'ल्युकेमिया' आलं तर वरचे आकडे विसरा. अस्थिमज्जेतून उठलेला तीव्र ल्युकेमिया झपाट्याने जातो, केमोनेही हाती फार लागत नाही. जुनाट लिम्फॉइड ल्युकेमिया उलट, म्हाताऱ्या कुत्र्यांत दुसऱ्याच कारणाने केलेल्या सीबीसीत सापडतो आणि क्लोराम्ब्युसिल व प्रेडनिसोलोनच्या गोळ्यांवर एक-दोन वर्षं, कधी जास्तही, आरामात निघतात. काहींना तर सुरुवातीला नुसतं लक्ष ठेवलं तरी पुरतं.

केमो करणार नसाल तर त्यात अपराधी वाटून घेण्यासारखं काही नाही. तपासणी झाल्यावर वायसोलोन सुरू करा. भूक आणि तहान प्रचंड वाढेल, रात्री एकदा उठून त्याला खाली न्यावं लागेल, ओट्यावरची पोळ्यांची चळत आत ठेवावी लागेल. सासऱ्यांना झोप कमी असेल तर रात्रीची फेरी त्यांच्याकडे द्या.