मल्टिप्लायर वाढवले की न्यूरल नेटवर्कची चिप वेगवान होते का?

तुम्ही विचारलंय की न्यूरल नेटवर्क म्हणजे शेवटी गुणाकार आणि बेरीजच, मग चिपवर मावतील तेवढे मल्टिप्लायर, म्हणजे गुणाकार करणारी सर्किटं (गुणक), बसवले की झालं का? आणि बडोद्यात इलेक्ट्रॉनिक्सच्या तिसऱ्या वर्षाला असताना हे इथे राहून शिकता येईल का?

मी बडोद्यातच राहते आणि चिपच्या डिजिटल डिझाइनचं काम करते. पहिल्या प्रश्नाचं उत्तर 'नाही' असं आहे, आणि ते का, हे समजण्यातच या कामाचा मोठा भाग आहे.

गुणाकार स्वस्त असतो, आकडा आणणं महाग पडतं. स्टॅनफर्डच्या मार्क होरोविट्झ यांनी 2014 साली 45 नॅनोमीटरच्या चिपसाठी मांडलेले आकडे आमच्या क्षेत्रात आजही सांगितले जातात. 8 बिटांचा एक गुणाकार साधारण 0.2 पिकोज्यूल इतक्या ऊर्जेत होतो. चिपबाहेरच्या मुख्य मेमरीतून (डीरॅम) 64 बिट वाचायला 1300 ते 2600 पिकोज्यूल लागतात. म्हणजे एकदा मेमरीकडे जाऊन येण्याच्या खर्चात साडेसहा हजारांहून जास्त गुणाकार होतात! तंत्रज्ञान पुढे गेलं तसे आकडे बदलले, पण ही दरी तशीच आहे. म्हणून चिप आखताना पहिला प्रश्न असतो, की एकदा आत आणलेला आकडा किती वेळा वापरून घेता येईल.

याचं सर्वांत सुंदर उत्तर मला सिस्टोलिक ॲरेमध्ये, म्हणजे शेजारच्या सेलकडे आकडे सरकवत जाणाऱ्या गुणकांच्या जाळीत, दिसतं. कुंग आणि लायझरसन या संगणकशास्त्रज्ञांनी ही कल्पना 1978 च्या सुमारास मांडली, आणि गूगलने 2015 पासून आपल्या डेटा सेंटरमध्ये वापरलेल्या पहिल्या टीपीयूचं (न्यूरल नेटवर्कसाठीच्या त्यांच्या खास चिपचं) हृदय तेच होतं: 256 बाय 256, म्हणजे 65,536 गुणक. तुम्ही मात्र 4 बाय 4 पासूनच सुरुवात करा. प्रत्येक सेलमध्ये एक वेट, म्हणजे नेटवर्कने शिकलेला गुणणारा आकडा, रजिस्टर या छोट्या साठ्यात बसलेलं असतं. डावीकडून इनपुट येतो, वरून अर्धवट बेरीज येते. क्लॉकचा (चिपच्या तालाचा) ठोका पडला की गुणाकार त्या बेरजेत मिळवून ती खाली जाते आणि इनपुट उजवीकडच्या सेलला मिळतो. दुसऱ्या ओळीचा इनपुट एक क्लॉक उशिरा सोडायचा, तिसरीचा दोन, चौथीचा तीन. जीटीकेवेव्ह या सॉफ्टवेअरमध्ये वेव्हफॉर्म, म्हणजे सिग्नलचे आलेख, उघडलात की आकडे तिरके सरकताना दिसतात, आणि मेमरीतून एकदाच वाचलेला इनपुट चार ठिकाणी कामाला येतो.

याच छोट्या ॲरेवर एक मोजमाप जरूर करा. एकच इनपुट व्हेक्टर (चार आकड्यांचा संच) सोडला तर शेवटचं उत्तर सातव्या क्लॉकला बाहेर पडतं, म्हणजे क्षमतेचा सातवा भागच वापरात येतो. लागोपाठ शंभर सोडले तर सगळं काम 106 क्लॉकमध्ये उरकतं आणि वापर 94 टक्क्यांवर जातो. सर्किट तेच, मल्टिप्लायर तेवढेच!

मोठ्या भाषा मॉडेलची अडचण इथूनच कळते. 700 कोटी पॅरामीटरचं, म्हणजे तेवढ्या वेटचं, मॉडेल 8 बिटांत ठेवलं तर 7 जीबी होतं. एकाच माणसाला उत्तर देताना प्रत्येक टोकनमागे (शब्द किंवा शब्दाच्या तुकड्यामागे) हे सगळे वेट एकदा वाचावे लागतात. मेमरी सेकंदाला 100 जीबी देत असेल तर सेकंदाला 14 टोकनच्या वर जाता येत नाही, मग आत गुणक कितीही असोत. पहिल्या टीपीयूचंही तसंच झालं होतं. तो सेकंदाला 92 लाख कोटी क्रिया करू शकत होता, पण त्याची डीडीआर3 मेमरी सेकंदाला 34 जीबीच द्यायची. 2017 च्या शोधनिबंधात गूगलच्या अभियंत्यांनी तपासलेल्या सहापैकी चार कामांत मेमरीच आडवी येत होती.

बिटांची रुंदी हा वेगळा विषय आहे, पण एक गोष्ट आत्ताच सांगते, कारण विद्यार्थी नेमके इथे घसरतात. 8 बिटांत चिन्हासकट मावणारा सर्वांत लहान आकडा -128, आणि -128 गुणिले -128 म्हणजे 16,384. असे 256 गुणाकार मिळवले तर 41,94,304 होतात. चिन्हासकट 23 बिटांत 41,94,303 पर्यंतच मावतं. एकाने ओलांडलं! ॲक्युम्युलेटर, म्हणजे बेरीज साठवणारं रजिस्टर, 24 बिटांचा हवाच, आणि 32 ठेवलात तर निश्चिंत.

आता बडोद्याचं. सयाजीराव महाराजांनी 1890 मध्ये कलाभवन ही तंत्रशिक्षणाची संस्था काढली ते हातांनी करून शिकण्यासाठीच, आणि या कामाला घर सोडायची गरज नाही असं मी मनापासून सांगते. सर्किट सिम्युलेट करणारे आयकॅरस व्हेरिलॉग आणि व्हेरिलेटर, शिवाय जीटीकेवेव्ह, सगळं फुकट आहे आणि साध्या लॅपटॉपवर चालतं. पुढे प्रत्यक्ष लेआउट पाहायचा असेल तर तो तयार करणारं ओपनलेन आहे, आणि त्यासाठी लागणारी स्कायवॉटर या चिप बनवणाऱ्या कंपनीच्या 130 नॅनोमीटर प्रक्रियेची माहिती 2020 पासून सर्वांना खुली आहे. एफपीजीए बोर्ड (ज्याच्या चिपवर आपलं सर्किट हवं तसं बसवता येतं) कॉलेजच्या लॅबमध्ये मिळाला तर उत्तम, नाहीतर पहिल्या सेमिस्टरला सिम्युलेशनच पुरे. कोर्सची सर्टिफिकेटं जमवण्यात मात्र वेळ घालवू नका.

4 बाय 4 चालला की 64 बाय 64 चं मॅट्रिक्स त्याच्यावर तुकड्यांनी चालवा आणि बाहेरच्या मेमरीतून वाचलेले बाइट मोजणारा एक काउंटर जोडा. आधी वेट जागेवर ठेवून सगळे इनपुट फिरवा, मग इनपुट धरून ठेवून वेट बदलत जा. दोन्ही वेळचा काउंटर रिपोर्टमध्ये शेजारीशेजारी लिहा. मुलाखतीला आलेल्या मुलामुलींना मी सगळ्यात आधी तेच आकडे विचारते.