२५६ ग्रॅमच्या पुढचा हापूस

प्रश्न : आमच्या पॅकिंग शेडमध्ये हापूसची प्रतवारी करणारा प्रोग्राम मी सी प्लस प्लसमध्ये लिहिला आहे. प्रतवारीचे नियम दर हंगामात बदलतात, म्हणून ते पायथन ३.११ मध्ये ठेवले आहेत. पायथनच्या यादीतून ‘पायलिस्ट_गेटआयटम’ने मिळालेले वजनांचे पॉइंटर मी साठवून ठेवतो आणि पेटी भरल्यावर वाचतो. लहान फळांवर चाचणी घेताना सर्व सुरळीत होते. मोठी फळे येऊ लागताच कधी भलतेच वजन दिसते, तर कधी प्रोग्राम बंद पडतो. काट्यात दोष असेल का?
— एक वाचक, देवगड

उत्तर : काटा निर्दोष आहे. ‘पायलिस्ट_गेटआयटम’ देते तो संदर्भ (वस्तूकडे नेणारा दुवा) उसना असतो, म्हणजे वस्तूची मालकी यादीकडेच राहते. पुढच्या पेटीसाठी नियमांनी यादी रिकामी केली की त्या आकड्याची संदर्भगणना, म्हणजे त्याला धरून असलेल्या संदर्भांची मोजणी, शून्यावर येते, त्याची मेमरी मोकळी होते आणि तुमच्या हाती उरलेला पॉइंटर त्या जागी नंतर जे येऊन बसेल तेच वजन म्हणून वाचतो. लहान फळांनी तुम्हाला चकवले, त्याचे कारण मोठे गमतीचे आहे. सीपायथनच्या, म्हणजे सी भाषेत लिहिलेल्या नेहमीच्या पायथनच्या, या आवृत्तीत उणे ५ ते २५६ हे पूर्णांक सुरुवातीलाच तयार करून कायम राखलेले असतात; त्यामुळे २४० ग्रॅमच्या फळाचा उसना संदर्भही तगला आणि २७० ग्रॅमचे फळ मात्र यादीबरोबर गेले.

वजनांपुरता उपाय सोपा आहे : वस्तू धरूच नका. हाती येताच ‘पायलाँग_अ‍ॅजलाँग’ने तिचा साधा आकडा करून घ्या.

प्रतवारीचे पायथन फंक्शन मात्र हंगामभर धरावे लागते, आणि तेथे उसनवारीवर भागत नाही. ते डिक्शनरीतून ‘पायडिक्ट_गेटआयटमस्ट्रिंग’ने काढले असेल, तर ‘पाय_न्यूरेफ’ने लगेच स्वतःचा संदर्भ घ्यावा, ‘पायऑब्जेक्ट_गेटअ‍ॅट्रस्ट्रिंग’ने मिळवले असेल, तर संदर्भ मुळातच तुमच्या मालकीचा असतो आणि आणखी एक वाढवल्यास ती वस्तू कधीच सुटणार नाही. हा हिशेब हाताने ठेवू नये. डिस्ट्रक्टरमध्ये (वस्तू नष्ट होताना आपोआप चालणाऱ्या फंक्शनमध्ये) ‘पाय_डेकरेफ’ करून गणना एकाने घटवणारा छोटा क्लास लिहावा, आणि त्याच्या कॉपी कन्स्ट्रक्टरमध्ये व असाइनमेंटमध्ये गणना वाढवण्यास विसरू नये, अन्यथा एकच संदर्भ दोनदा परत केला जाईल.

काटा वाचणारा थ्रेड वेगळा असल्यास त्याने पायथनच्या कोणत्याही वस्तूला हात लावण्यापूर्वी ‘पायजीआयएलस्टेट_एन्शुअर’ने जीआयएल (एका वेळी एकाच थ्रेडला पायथन चालवू देणारे कुलूप) घेतला पाहिजे. संदर्भ सोडण्यालाही हा नियम लागू आहे, कारण शेवटचा संदर्भ सुटताना पायथनचा कोड चालू शकतो.

त्या क्लासची वस्तू ग्लोबल ठेवली असेल, तर तिचा डिस्ट्रक्टर ‘मेन’ संपल्यानंतर चालतो. तोवर ‘पाय_फायनलाइझएक्स’ने इंटरप्रिटर बंद झालेला असतो. म्हणून त्या कॉलच्या आधीच ती स्पष्टपणे रिकामी करा.