असूयेची चित्रं पोर्टफोलिओत ठेवू का?

प्रश्न : कलेच्या पदवीसाठी पोर्टफोलिओ तयार करतेय. धाकट्या बहिणीबद्दलची असूया, आईवरचा राग अशी चित्रं त्यात आहेत. लाल-काळे फटकारे, किंचाळणारी तोंडं. बाबा म्हणतात, ती वगळ, निसर्गचित्रं लाव. काय करू?

उत्तर : वगळू नकोस; पण आहेत तशीही लावू नकोस. लाल फटकारा आणि उघडं तोंड ही रागाची तयार चिन्हं झाली, ती कुणीही काढतं. परीक्षकाला तुझ्या घरातलं भांडण नको असतं, कागदावर तू काय ठरवलंस ते बघायचं असतं.

इटालियन चित्रकार जोत्तोनं इटलीतल्या पादुआच्या चॅपेलमध्ये (छोट्या प्रार्थनागृहात) १३०५च्या सुमारास असूया एका बाईच्या रूपात रंगवली, तीही जवळजवळ एकाच करड्या रंगात. पायाशी जाळ, एका हातात घट्ट धरलेली पिशवी, दुसरा हात पुढे काहीतरी ओरबाडायला. तोंडातून निघालेला साप वळून तिच्याच डोळ्यांवर येतो.

तुझी असूया अंगात कुठे दिसते? मुठीत, मानेत, की न बघितल्यासारखं करण्यात? आरसा घे आणि ५ × ७ सेंटिमीटरच्या चौकटींत वीस थंबनेल, म्हणजे छोटी कच्ची रेखाटनं, काढ, दोन-दोन मिनिटांत, बिनरंगी. त्यांतलं एक ए-थ्री कागदावर कोळशानं कर. आधी विलो चारकोल, म्हणजे विलोच्या काड्यांचा मऊ कोळसा, तो पुसता येतो. दाबून घट्ट केलेला कॉम्प्रेस्ड चारकोल नीट पुसला जात नाही, म्हणून गडद जागा शेवटी. रागाच्या भरात नेमकं उलटं होतं: पहिल्याच झटक्याला काळंकुट्ट, मग चोळाचोळ, कागदाचा पोत मरतो आणि सगळा करडा चिखल. फिक्सेटिव्ह, म्हणजे कोळसा कागदावर टिकवणारा फवारा, फूटभर अंतरावरून, हलके दोन-तीन थर, खिडकी उघडी ठेवून. जवळून मारलास तर डाग पडतात.

बहिणीचा चेहरा मात्र ओळखू येता कामा नये. तिनं यात काही मागितलेलं नाही. तिच्या नव्या फ्रॉकची न मोडलेली घडी आणि शेजारी तुझी मूठ, एवढ्यानं भागतं. चित्रही त्यानं सुधारतं.

बाबांचं अर्धं बरोबर आहे. निरीक्षणाचा अभ्यास दिसायलाच हवा: वस्तुचित्र, मानवाकृती, हात-पाय. वीस कामं मागितली असतील तर असूयेची चार-पाच पुरेत, तीही सलग लाव. विखुरली की अपघातानं आल्यासारखी वाटतात. थंबनेलची पानं सोबत ने, खासगी वही घरीच राहू दे.

मुलाखतीत ‘हे कोणाबद्दल?’ असं विचारलं तर नाव सांगायला तू बांधील नाहीस. ‘चौकट मनगटापाशी का कापली’ याचं उत्तर मात्र तयार ठेव.

आणि चित्रं काढूनही मन निवत नसेल, स्वतःला इजा करावीशी वाटत असेल, तर पोर्टफोलिओ बाजूला ठेव आणि आधी घरातल्या विश्वासाच्या माणसाला आणि डॉक्टरांना सांग.