पोपना ‘संतपद बहाल’ होतं का?

आलेला प्रश्न असा: “पोप जॉन पॉल दुसरे यांना संतपद बहाल करण्यात आले, असं मराठी बातम्यांत वाचलं होतं. संतपद ही बहाल करायची गोष्ट आहे का? आणि ज्ञानेश्वर-तुकारामांना लावतो तोच ‘संत’ शब्द अलीकडच्या पोपना लावणं योग्य आहे का?”

पहिल्या प्रश्नाचं उत्तर सरळ आहे. ‘बहाल’ नको. ‘संत म्हणून घोषित केले’ असं लिहावं. दुसऱ्याचं उत्तर लांब आहे, आणि त्याचा धागा पहिल्यातूनच निघतो.

‘बहाल’ मूळ फारसीतला: ब-हाल, म्हणजे पूर्वीच्या स्थितीवर. जप्त केलेलं वतन परत दिलं की ते बहाल झालं. पुढे अर्थ सैल होऊन ‘मंजूर करणं, देणं’ असा झाला, पण दरबारी वळण राहिलंच. बहाल करणारा वरचा, घेणारा खालचा, आणि दिलेली वस्तू देणाऱ्याच्या मर्जीतली. एकट्या ‘पद’ शब्दाची काही तक्रार नाही. ‘परमपद’ म्हणताना आपल्या मनात खुर्ची येत नाही. पण ‘पद’ला ‘बहाल’ जोडलं की लगेच नेमणुकीचा वास येतो आणि वाचकाला वाटतं, पोपनी आधीच्या पोपना मरणोत्तर किताब दिला.

रोममध्ये प्रत्यक्ष काय म्हटलं जातं ते पाहा. 27 एप्रिल 2014 रोजी सेंट पीटर चौकात पोप फ्रान्सिस यांनी जॉन तेविसावे आणि जॉन पॉल दुसरे यांच्याविषयी लॅटिन वाक्य उच्चारलं. त्यात क्रियापदं तीन आहेत: देचेर्निमुस, देफिनीमुस, आद्स्क्रीबिमुस. मतलब असा की, हे दोघे संत आहेत असं आम्ही ठरवतो, निश्चित करतो आणि संतांच्या यादीत त्यांची नावं लिहितो. ‘देतो’ हे क्रियापद कुठेच नाही. चर्चच्या समजुतीप्रमाणे तो माणूस आधीच स्वर्गात आहे. पोप फक्त ती गोष्ट जाहीर करतात आणि जगभरच्या चर्चला त्याचा संत म्हणून मान राखायला सांगतात. ‘कॅननायझेशन’मधला ‘कॅनन’ म्हणजे यादीच. म्हणून मराठीत एकच शब्द हवा असेल तर मला ‘संतनामावलीत समावेश’ सगळ्यात नेमका वाटतो. मथळ्यात मावत नसेल तर ‘संत घोषित’ पुरे.

आता ‘संत’. हा शब्द संस्कृत ‘सत्’च्या कुळातला, ‘अस्’ म्हणजे असणं या धातूपासून आलेला. लॅटिन ‘सांक्तुस’ हा ‘सांकिरे’ म्हणजे पवित्र ठरवणं, विधिपूर्वक पक्कं करणं या क्रियापदाचं भूतकालवाचक विशेषण. दोन्ही शब्द कानाला सारखे लागतात, नातं मात्र काही नाही. ‘सांक्तुस’चे पोर्तुगीज वंशज ‘सांतो’ आणि ‘सांता’ आपल्या गावांच्या नावांत आहेत. मुंबईचं सांताक्रूझ हे कुणा संताचं नाव नव्हे, ‘पवित्र क्रूस’ आहे. म्हणजे तो शब्द मुळात ‘पवित्र’ या अर्थाचं विशेषण. मराठी बायबलमध्येही पौलाच्या पत्रांत ‘पवित्र जन’ असाच शब्द येतो. तरी वसईपासून गोव्यापर्यंत ‘संत’ हा शब्द ख्रिस्ती व्यक्तींसाठी इतका रुळला आहे की त्यावर आक्षेप घेण्यात अर्थ नाही. वसईच्या हुतात्म्याला ‘संत गोन्सालो गार्सिया’ म्हणण्यात खटकण्यासारखं काय आहे?

फरक आहे तो ठरवण्याच्या रीतीत. आपल्याकडे तुकोबांना संत ठरवायला कुठली समिती बसली नाही. अभंग टिकले, दिंडीत गायले गेले, लोकांनी मान्य केलं. कॅथलिक चर्चमध्येही पहिली कित्येक शतकं असंच चाले: हुतात्म्याच्या थडग्यापाशी लोक जमत, स्थानिक बिशप मान्यता देत. पोपनी रीतसर घोषणा केल्याचं पहिलं नोंदलेलं उदाहरण 993 चं, आउग्सबुर्गचे बिशप उलरिक यांचं. 1234 मध्ये हा अधिकार फक्त पोपचा, असं नियमात आलं.

आजची रीत 1983 मध्ये जॉन पॉल दुसरे यांनीच घालून दिलेली आहे. मृत्यूनंतर निदान पाच वर्षं थांबायचं. मग ज्या धर्मप्रांतात मृत्यू झाला तिथला बिशप चौकशी सुरू करतो आणि व्यक्तीला ‘देवाचा सेवक’ म्हणतात. साक्षी घेतल्या जातात, लिखाण तपासलं जातं, सगळी कागदपत्रं रोमला जातात आणि तिथे त्यांवरून एक जाडजूड ग्रंथ तयार होतो. त्यावर आधी धर्मशास्त्रज्ञ आणि मग कार्डिनल (पोपखालचे सर्वांत वरचे धर्माधिकारी) व बिशप मत देतात. सद्गुण असामान्य पातळीवर आचरले, असं पोपनी मान्य केलं की पुढचा शब्द येतो, लॅटिनमध्ये ‘वेनेराबिलिस’. त्याला मराठीत ‘पूज्य’ म्हणतात. शब्दशः पाहिलं तर अडचण आहे, कारण या पायरीवर चर्चमध्ये सार्वजनिक सन्मानालाही मनाईच असते. पण आपण आईवडिलांच्या नावाआधीही ‘पूज्य’ लिहितो, तेव्हा निव्वळ आदराचा शब्द म्हणून तो चालून जातो. गोव्यातल्या पिलारचे फादर आग्नेल 1986 पासून या पायरीवर आहेत.

पुढची पायरी ‘धन्य’. इथे मराठीला शब्द शोधावा लागत नाही. “जे आत्म्याने दीन ते धन्य” या वाक्यात लॅटिन बायबलमध्ये जो ‘बेआती’ आहे, तोच इथला ‘बेआतुस’. काही जण ‘आशीर्वादित’ लिहितात. ते इंग्रजीवरून आलेलं आहे आणि अर्थही हलवतं. धन्य ठरायला एक चमत्कार लागतो (हुतात्म्याला त्यातून सूट), आणि संत घोषित व्हायला त्यानंतर घडलेला आणखी एक. ‘धन्य’ आणि ‘संत’ यांतला फरक पोहोचेचा आहे. धन्य व्यक्तीच्या सार्वजनिक सन्मानाला ठरावीक प्रदेशापुरती किंवा धर्मसंघापुरती परवानगी असते; संताच्या बाबतीत ती सगळ्या चर्चला लागू होते. जॉन पॉल दुसरे 2011 मध्ये धन्य ठरले तेव्हा त्यांचा सण रोम आणि पोलंडच्या धर्मप्रांतांत धरायचा होता.

चमत्काराच्या वाक्यात सगळ्यात जास्त घसरगुंडी होते. “पोपनी मृत्यूनंतर दोन चमत्कार केले” हे चूक. कॅथलिक समजुतीत चमत्कार देव करतो, संत मध्यस्थी करतो. म्हणून “त्यांच्या मध्यस्थीने आजार बरा झाला असे चर्चने मान्य केले” असं लिहायचं. तसंच “संतांची पूजा करतात” असंही नको. पूजा देवाची, संतांचा सन्मान आणि त्यांच्याकडे मध्यस्थीची विनंती. बरं होणं तात्काळ, पूर्ण, टिकाऊ आणि वैद्यकीय ज्ञानाला न उलगडणारं असावं लागतं आणि ते आधी डॉक्टरांच्या मंडळापुढे जातं. जॉन पॉल दुसरे यांच्या बाबतीत फ्रान्समधल्या एका ननचा पार्किन्सन आणि कोस्टा रिकातल्या एका स्त्रीच्या मेंदूतल्या रक्तवाहिनीचा फुगा, अशी दोन प्रकरणं मान्य झाली. जॉन तेविसावे यांच्यासाठी मात्र दुसऱ्या चमत्काराची अट फ्रान्सिस यांनी माफ केली. म्हणून “दोघांचे दोन-दोन चमत्कार” हे वाक्य तपासणीत टिकत नाही.

आता दुसरा प्रश्न. आकडेच बोलके आहेत. 1296 मध्ये वारलेले सेलेस्टिन पाचवे आणि 1903 मध्ये निवडून आलेले पायस दहावे यांच्या मधल्या सहा शतकांत एकच पोप संत ठरले: पायस पाचवे. ते 1572 मध्ये वारले आणि 1712 मध्ये संत घोषित झाले. उलट 1903 ते 2005 या काळात आठ पोप झाले आणि त्यांतले चार संत आहेत: पायस दहावे (1954), जॉन तेविसावे आणि जॉन पॉल दुसरे (2014), पॉल सहावे (2018). जॉन पॉल पहिले, ज्यांनी 1978 मध्ये अवघे 33 दिवस पद सांभाळलं, ते 2022 मध्ये धन्य ठरले. पायस बारावे 2009 पासून पूज्य आहेत. या पायऱ्यांवर नसलेले दोनच: बेनेडिक्ट पंधरावे आणि पायस अकरावे. एकाएकी पोपपदावरची माणसं इतकी पवित्र झाली, हे मानायला मी तयार नाही. बदललं ते तपासणाऱ्यांचं मन.

चर्चची बाजू आधी नीट मांडायला हवी. 3 सप्टेंबर 2000 रोजी पायस नववे आणि जॉन तेविसावे यांना एकाच दिवशी धन्य घोषित करताना जॉन पॉल दुसरे म्हणाले होते की, चर्च त्या माणसाने घेतलेल्या ऐतिहासिक निर्णयांचा गौरव करत नाही, त्याच्या सद्गुणांचा आदर्श पुढे ठेवतं. तसं म्हणणं भागच होतं. 1858 मध्ये, तेव्हा पोपच्या राज्यात असलेल्या बोलोन्याच्या एका ज्यू घरातला सहा वर्षांचा एद्गार्दो मोर्तारा, मोलकरणीने गुपचूप बाप्तिस्मा दिला होता एवढ्यावरून, पोपच्या पोलिसांनी उचलून नेला होता, आणि पायस नववे यांनी तो आईबापांना शेवटपर्यंत परत केला नाही.

हा बचाव साध्या धर्मभगिनीला किंवा शेतकऱ्याला लागू पडतो. पोपना पूर्ण लागू पडत नाही, आणि कारण चर्चच्याच नियमात आहे. जे सद्गुण तपासतात त्यांत विश्वास, आशा, प्रीती यांच्या जोडीला विवेक, न्याय, धैर्य आणि संयम आहेत, आणि माणूस ज्या जागी होता तिथल्या कर्तव्यांत ते कसे दिसले हे पाहायचं असतं. पोपचं रोजचं कर्तव्य काय? बिशप नेमणं, तक्रारी ऐकणं, कुणावर विश्वास ठेवायचा हे ठरवणं. कारभार बाजूला काढला तर विवेक आणि न्याय तपासायचे कशात?

जॉन पॉल दुसरे यांचं प्रकरण इथेच अडतं. 2 एप्रिल 2005 ला ते वारले. अंत्ययात्रेत ‘सांतो सुबितो’, म्हणजे ‘ताबडतोब संत’, असे फलक झळकले. पुढच्याच महिन्यात बेनेडिक्ट सोळावे यांनी पाच वर्षांची अट माफ केली आणि नऊ वर्षांत नाव संतनामावलीत गेलं. नोव्हेंबर 2020 मध्ये व्हॅटिकनने स्वतःच अमेरिकेचे माजी कार्डिनल थिओडोर मॅकॅरिक यांच्याविषयीचा अहवाल प्रसिद्ध केला. लैंगिक गैरवर्तनाबद्दल इशारे मिळूनही जॉन पॉल दुसरे यांनी मॅकॅरिक यांचा खुलासा खरा मानला आणि 2000 मध्ये त्यांना वॉशिंग्टनचे आर्चबिशप नेमलं, हे त्या अहवालातून पुढे आलं. ही कागदपत्रं 2014 च्या आधी सगळ्यांसमोर असती तर निकाल कदाचित तोच लागला असता. पण तो पुराव्यानिशी लागला असता.

घाई जुनीच आहे, असं कुणी म्हणेल. खरं आहे. तेराव्या शतकात पादुआचे अंतोनी मृत्यूनंतर वर्षभराच्या आत संत घोषित झाले होते. पण निकाल देणारा पोप अंतोनींच्या हाताखाली वाढलेला नव्हता. जॉन पॉल दुसरे यांच्याबाबत अट माफ करणारे बेनेडिक्ट त्यांचेच निकटचे सहकारी होते, आणि घोषणा करणारे फ्रान्सिस यांना 2001 मध्ये कार्डिनल त्यांनीच केलं होतं. उलट टोकाला वसईचे गोन्सालो गार्सिया: 1597 मध्ये नागासाकीत क्रूसावर हुतात्मा झाले, 1627 मध्ये धन्य ठरले, 1862 मध्ये संत. हुतात्म्यालाही 265 वर्षं लागली.

1983 च्या आधी, चर्चच्या 1917 च्या कायद्याप्रमाणे (धर्मविधिसंहितेप्रमाणे), सद्गुणांची चर्चा सुरू करायलाच मृत्यूला पन्नास वर्षं व्हावी लागत. त्यालाही सूट मिळे. पायस दहावे चाळीस वर्षांत संत घोषित झाले. तरी ती अट पोपपुरती परत आणावी, असं मला ठामपणे वाटतं. व्हॅटिकनची दफ्तरं पोपच्या कारकिर्दीप्रमाणे, दशकांनंतर उघडतात. पायस बारावे यांची मार्च 2020 मध्ये उघडली, आणि नाझी काळातल्या ज्यूंच्या कत्तलीबद्दलच्या त्यांच्या मौनावर संशोधक त्यानंतर नीट काम करू लागले. सद्गुणांचा निर्णय मात्र 2009 मध्येच झाला होता. दफ्तर उघडण्याआधी निकाल लागत असेल, तर तिथे ‘बहाल’ हाच शब्द नकळत खरा ठरतो. किताबाला पुरावा लागत नाही. घोषणेला लागतो.

माझ्या मते जॉन तेविसावे आणि पॉल सहावे या नावांना ‘संत’ शब्द शोभतो. पॉल सहावे 1964 मध्ये युखरिस्त (ख्रिस्तप्रसाद) परिषदेसाठी मुंबईत आले होते. संत ठरलेल्या या चार पोपांतले तेच भारतात पाय ठेवणारे पहिले. जॉन पॉल दुसरे 1986 मध्ये मुंबई, पुणे आणि गोव्याला आले होते. त्यांच्या भक्तीबद्दल आणि धैर्याबद्दल मला शंका नाही, पण निर्णय दोन पिढ्या थांबायला हवा होता. पायस नववे धन्यपदावरही पटत नाहीत.

पण मत काहीही असो, लिहिताना चर्चचा अधिकृत दर्जाच लिहायचा. काळाचं भान ठेवा: 2005 च्या अंत्यविधीविषयी लिहिताना ‘पोप जॉन पॉल दुसरे’, 2011 ते 2014 साठी ‘धन्य’, आणि आजच्या संदर्भात ‘संत जॉन पॉल दुसरे’. ‘संत पोप जॉन पॉल’ हेही चालतं, पण क्रमांक गाळू नका, कारण जॉन पॉल पहिले अजून ‘धन्य’ आहेत. विद्यमान पोपना ‘परमपूज्य’ म्हणतात तो पदाचा मान आहे. पायऱ्यांमधल्या ‘पूज्य’शी त्याचा संबंध नाही. म्हणून वारलेल्या पोपच्या नावाआधी तो सवयीने चिकटवू नये. पायस बारावे यांना ‘परमपूज्य’ लिहिलं तर वाचकाला त्यांची पायरी वर गेल्यासारखी वाटेल. त्यांच्यासाठी ‘पूज्य’ एवढंच लिहावं.