लग्नाआधी पोटाची चरबी काढून घेऊ का?

प्रश्न : वय 43, वजन 68 किलो, दोन सीझर झालीत. रोज चालते, रात्रीचा भात सोडला, तरी पोट आहे तिथंच. दीड महिन्यावर धाकट्या दिरांचं लग्न आहे. ‘एका दिवसात दहा किलो कमी, संध्याकाळी घरी’ अशी जाहिरात पाहिली. करून घेऊ का? फार दुखतं का?
— एक वाचक, बारामती

उत्तर : ताई, दहा किलोंचं आधी डोक्यातून काढा. लायपोसक्शनमध्ये, म्हणजे नळीनं चरबी ओढून काढताना, एका वेळी आम्ही सर्जन साधारण पाच लिटरच्या आत थांबतो, आणि त्यातही चरबीबरोबर आम्हीच आधी सोडलेलं सलाईन असतं. त्यानं आकार बदलतो, काटा फारसा हलत नाही. माझ्या एक पेशंट तिसऱ्या दिवशी काट्यावर चढल्या, तर सुजेनं वजन दीड किलो वाढलेलं! फोनवर मला जे ऐकवलं ते इथं छापण्यासारखं नाही.

आज रात्री एक करा. उताणं झोपून डोकं जरा उचला आणि बेंबीखाली चिमटीत धरा. हातात येईल तेवढीच चरबी नळीनं निघते. चिमटीत फारसं काही आलं नाही आणि पोट मात्र नगाऱ्यासारखं वर राहिलं, तर ती आतड्यांभोवतीची चरबी. तिथं माझी नळी जात नाही, तुमचं चालणंच कामी येईल. सीझरच्या टाक्यावर कातडीची घडी लोंबत असेल, तर नुसती चरबी काढून ती आणखीच ढिली दिसते. मग ‘टमी टक’ लागतं, म्हणजे पोटाची जास्तीची कातडी कापून काढणं, आणि ते मोठं ऑपरेशन. टाक्यापाशी हर्निया नाही ना, हेही आधी बघावं लागतं.

दुखणं म्हणाल तर बरेच दिवसांनी जोर काढल्यावर ठणकतं तसं, चार-पाच दिवस. घाबरवते ती पहिली रात्र. छिद्रांतून गुलाबी पाणी झिरपून चादर भिजते, घरच्यांना रक्तच वाटतं. रात्री दोनचे ते फोन मला सवयीचे झालेत. जुन्या चादरी नि मेणकापड अंथरून ठेवायचं. पण धाप लागली, एकच पोटरी सुजून दुखायला लागली किंवा ताप चढला, तर सकाळची वाट बघायची नाही.

काळेनिळे डाग दोन-तीन आठवडे, घट्ट पट्टा चार ते सहा आठवडे, सूज पुरती उतरायला तीन महिने तरी. म्हणजे शालूच्या आत पट्टा आवळून तुम्ही मांडवात! दिरांचं लग्न होऊन जाऊ द्या. मग सर्जनकडे प्लास्टिक सर्जरीची एम.सीएच. किंवा डीएनबी पदवी आहे ना, हे बघून जा. आणि त्यानंतर तीन महिने मापाचा ड्रेस शिवायला टाकू नका.